न्योर्डच्या नावाचं शिंग

नॉर्वेतल्या बर्गनला जानेवारीत साडेनऊच्या पुढे उजाडतं आणि चारच्या सुमाराला दिवस आटपतो. मधल्या वेळात बहुतेक पाऊसच. गेल्या शनिवारी अशाच पावसात मी शेजारणीबरोबर हालयेमच्या धक्क्यावरून फेरीने तिस्नेसला गेले. न्योर्ड हा इथला जुना समुद्रदेव. त्याला भर हिवाळ्यात मान द्यायचा असतो. या विधीला ब्लूत म्हणतात. त्यात प्यायचं शिंग हातोहात फिरवतात.

शेजारीण सत्तरीची, आयुष्यभर फेरीबोटींवर राबलेली. ती आणि आणखी पंधरा-वीस जणं ख्रिस्ती धर्माच्या आधीची रीत पाळतात. तिने पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी दोन वर्षं टाळाटाळ केली. या देवांची चिन्हं वंशद्वेष्ट्यांनीही अंगावर गोंदवली आहेत, त्यामुळे हर्णैच्या कोळ्याच्या पोरीला तिथे कोणत्या नजरेने बघतील याची धास्ती होती. शेवटी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “तसला माणूस आमच्यात उभा राहिला तर मी त्याच्या हातात शिंग देणार नाही.” यंदाचं माझं तिसरं वर्ष.

तिस्नेसलाच जायचं, कारण या बेटाचं जुनं नाव न्यार्दरलोग, म्हणजे न्योर्डच्या कायद्याखालचा मुलूख. तिथे पोचल्यावर दिसत काहीच नाही. देऊळ नाही, मूर्ती नाही. खडक, ओलं गवत आणि शिशासारखं पाणी, एवढंच.

न्योर्ड राहतो नोआतूनला, म्हणजे जहाजांच्या आवारात. वारा त्याच्या ताब्यात, समुद्र आणि आग शांत करणं त्याच्या हातात. दर्यात जाणाऱ्याने आणि मासेमारी करणाऱ्याने त्यालाच हाक मारायची. त्याची बायको स्कादी डोंगरातली. तिला नवरा निवडायचा होता तो फक्त पावलं बघून, आणि तिने सगळ्यात देखणी पावलं निवडली ती याची. पण संसार जमला नाही. तिला किनाऱ्यावर पाखरांच्या कलकलाटाने झोप येईना, त्याला डोंगरात लांडग्यांचं ओरडणं सोसेना. मला ही गोष्ट फार खरी वाटते. आमच्याकडेही घाटावरून आलेल्या सुनांना पहिले महिने मासळीच्या वासाने आणि लाटांच्या आवाजाने डोळ्याला डोळा लागत नाही.

स्नोर्री स्तुर्लुसोन या आइसलँडच्या लेखकाने 13व्या शतकात जुन्या ब्लूतचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पहिला प्याला ओदिन या मुख्य देवाचा, विजयासाठी. त्यानंतर न्योर्ड आणि त्याचा मुलगा फ्रेय यांचा, ‘तिल आर्स ओक फ्रिदार’, म्हणजे सुगी आणि शांततेसाठी. मग गेलेल्या नातलगांच्या आठवणीचा. यातल्या ‘आर’ शब्दाचा अर्थ वर्ष, आणि पीकपाणी चांगलं होणं हाही. आमच्याकडे ‘औंदा साल बरं गेलं’ म्हणतात, त्यातलं साल तेच. पुढे देश ख्रिस्ती झाला. याच किनाऱ्यावरच्या गुलातिंग कायद्याने शेतकऱ्यांना नाताळची बिअर गाळायला लावली ती ख्रिस्त आणि मेरीच्या नावाने, पण मागणं तसंच ठेवलं: आर आणि फ्रिद. सुगी आणि शांतता.

आणि हे मागणं मध्य हिवाळ्यात का, हे मला इथे राहिल्यावर कळलं. आता काही दिवसांत हेरिंग अंडी घालायला या किनाऱ्याला लागेल, वर उत्तरेत लोफोतेन बेटांवर कॉडचा हंगाम सुरू होईल. वर्षातलं सगळ्यात वाईट हवामान आणि सगळ्यात मोठी मासळी एकाच वेळी येतात. होड्या बाहेर पडायच्या आधीचं हे बोलणं आहे. नारळी पौर्णिमेला घरात जो दबलेला ताण असतो, तो मी इथे लगेच ओळखला.

नारळ मात्र नेला नाही. बर्गनला मिळतो, शेजारीणही म्हणाली होती आण म्हणून. पण ज्याचा मान त्याला त्याच्या रीतीने द्यावा असं मला मनापासून वाटतं. मी जव दळून भाकऱ्या भाजल्या, इथल्या पातळ फ्लात-ब्रोसारख्या, आणि बरोबर लोणी घेतलं. पाण्यात जे सोडायचं ते माशाने खाल्लं तरी चालेल असंच हवं. फिती नकोत, मेणबत्त्यांचे डबे नकोत. यावर मी आधीच सगळ्यांशी बोलले होते, कुणी वाद घातला नाही.

वर्तुळात उभे राहिलो. शिंगात घरी गाळलेली बिअर, मुलांसाठी सफरचंदाचा रस. शेजारणीने वाऱ्याचा अंदाज घेऊन पाठ फिरवली आणि न्योर्डच्या नावाने पहिली धार फ्योर्डमध्ये, म्हणजे इथल्या खाडीत, सोडली. मग शिंग हातोहात फिरलं. कुणी मुलासाठी मागितलं, तो उत्तर समुद्रात तेलाच्या फलाटावर असतो. एका म्हाताऱ्याने फक्त ‘वारा’ एवढंच म्हटलं आणि प्यायला.

शिंगाच्या दुसऱ्या फेरीला गेलेल्यांची नावं. इथे ती जुन्या पद्धतीने घेतात, बापाच्या नावासकट: अमक्याचा मुलगा तमका. बुडालेल्यांना रान नावाची देवी जाळ्यात धरून आपल्या घरी नेते, अशी इथली समजूत. एका सागामध्ये, म्हणजे जुन्या आइसलँडी कथेत, तर बुडालेली माणसं ओल्या कपड्यांनी स्वतःच्याच श्राद्धाच्या जेवणाला येऊन बसतात आणि घरच्यांना हायसं वाटतं, कारण रानने त्यांना नीट ठेवून घेतल्याची ती खूण.

माझा धाकटा काका मी आठ वर्षांची असताना होडीसकट गेला. काहीच हाती लागलं नाही. पालाशविधी करून पानांचा पुतळा जाळला, तेव्हा मी आईच्या पदराआड उभी होते. त्यानंतर घरात त्याचं नाव हळू आवाजातच घेतलं जायचं. शनिवारी ते मी मोठ्याने घेतलं. वीसेक ओल्या माणसांनी ते जमेल तसं माझ्यामागून म्हटलं, ‘ळ’ त्यांच्या जिभेवर अडखळला तरी दुसऱ्यांदा म्हटलं. मी भाकरी मोडून पाण्यात टाकली.

परतीच्या फेरीबोटीत आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

“पुरं नाव घेतलंस ना? आजोबाच्या नावासकट?”

“घेतलं.”

“भाकरीवर लोणी लावलेलंस ना? कोरडी त्याला गिळायची नाय.”