तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात तुमचं काय?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या टूलरूममध्ये मी प्लास्टिकच्या साच्यांचे काम करतो तेथे डबा खाताना, आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या पाहुण्यांकडून तर हमखास, मला एक प्रश्न विचारला जातो. प्लास्टिकच्या रोबोची मॉडेल जोडण्याचा मला छंद आहे. या रोबोच्या किटमधले तुकडे कारखान्यातून तयार होऊन येतात, सोबत चित्रांची पुस्तिका असते, डिंकसुद्धा लागत नाही. मग त्यात तुमचं काय? प्रश्नात खोच असली तरी तो गैरलागू नाही, आणि स्वतः साचे करणाऱ्या माणसाला तो जरा अधिकच बोचतो, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

आधी जे माझे नाही ते मान्य करतो. मी जोडतो तो रोबो म्हणजे गंडम, १९७९ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ॲनिमेशन मालिकेतला. बांदाई कंपनीने त्याचे पहिले किट जुलै १९८० मध्ये ३०० येन किमतीला विकायला काढले, तेव्हा ते डिंकाने जोडावे लागे आणि रंगही आपणच द्यावे लागत. आज त्याच १:१४४ प्रमाणातल्या, म्हणजे मूळ उंचीच्या १४४व्या भागाएवढ्या, किटमध्ये तुकडे निरनिराळ्या रंगांत ओतलेले येतात आणि बोटाच्या दाबाने एकमेकांत बसतात. बसताना जो बारीक ‘टक्’ आवाज होतो त्यामागे साचेकाराने शतांश मिलिमीटरात सांभाळलेले माप असते. डब्याच्या झाकणाची साधी खुंटी नीट बसावी म्हणून साचा चारचारदा मशीनवरून उतरवणाऱ्या मला त्या आवाजाचा हेवा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझे काम सुरू होते ते साच्याच्या खुणा पुसण्यापासून. वितळलेले प्लास्टिक साच्यातल्या रनर नावाच्या पन्हळीतून वाहत येते आणि गेट म्हणजे तिच्या अरुंद तोंडातून तुकड्यात शिरते, त्यामुळे प्रत्येक तुकडा चौकटीला दोन-चार ठिकाणी चिकटलेला असतो. तो एका घावात सपाट कापला तर प्लास्टिक ताणले जाऊन तेथे पांढरा डाग उमटतो, आणि गडद रंगाच्या तुकड्यावर तो डोळ्यांत खुपतो. म्हणून पहिला काप लांबून घ्यायचा, दुसरा जवळून, उरलेली कपची पात्याने तासायची आणि मग ४००, ६००, ८०० असे पॉलिश पेपर क्रमाने, पाण्यात भिजवून, सपाट ठोकळ्याला लावून फिरवायचे. ठोकळा न घेता नुसत्या बोटाने घासले की कड गोल होते; मिरजेत सतारीच्या भोपळ्याला पॉलिश करणाऱ्या कारागिरांकडे पाहतानाही मला हातातल्या दाबाचेच महत्त्व जाणवले होते. दंडाचे आणि पोटरीचे दोन अर्धे भाग जुळतात तेथे मधोमध फट दिसते. ती बुजवण्यासाठी मात्र प्लास्टिक विरघळवणारा डिंक लागतोच: दोन्ही कडा ओल्या करून दाबायच्या, बाहेर आलेला वितळलेला ओघळ तीन-चार दिवस वाळू द्यायचा आणि मग घासून काढायचा. एवढे झाल्यावर वस्तू पुस्तिकेतल्या चित्रासारखी दिसते. येथवर प्रश्न विचारणाऱ्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे, कारण हे सर्व नीट केले तर केलेले दिसतच नाही.

पुण्यातल्या एका छंद-प्रदर्शनासाठी किट करायला घेतले तेव्हा मला निराळे काही करायचे होते. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की सांगलीत लोक एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, “आयर्विनला किती?” असे विचारतात. १९२९ सालच्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मालिकेतल्या गंडमची उंची १८ मीटर सांगितली आहे. एका दुपारी सहज हिशेब केला: ५७ फूट म्हणजे १७.३७ मीटर. हा अजस्र यंत्रमानव आयर्विनच्या मोजपट्टीच्या शून्यावर उभा केला असता तर इशाऱ्याला पाणी त्याच्या बरगड्यांशी आले असते, धोक्याला छातीवर, आणि त्या ऑगस्टमध्ये थेट कपाळावर. तोवर त्या मोजपट्टीवरचे आकडे मला नुसते आकडे वाटत होते.

मग तोच गंडम करायचा ठरवला, पूर ओसरल्यानंतरचा. कामावरून हाईट गेज, म्हणजे उंची मोजून रेघ आखायचे साधन, मागून आणला, मॉडेल सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, सरळ उभे केले आणि ४०, ४५ व ५७ फुटांच्या १:१४४ मापाने ८४.७, ९५.३ व १२०.६ मिलिमीटरवर चहूबाजूंनी रेघा आखल्या. पुराची खूण एकच ठसठशीत पट्टा असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. पाणी उतरताना जेथे जेथे थबकते तेथे चहाच्या डागासारखी फिकट कड सोडून जाते, आणि आमच्या जिन्याच्या भिंतीवर अशा सात कडा होत्या. आखलेल्या रेघांच्या मधल्या कडा मी त्या भिंतीच्या फोटोवरून घेतल्या. रंगाच्या दुकानातला तयार चिखल विटकरी दिसला, म्हणून नदीकाठच्या मळीची माती आणली, धोतराच्या फडक्यातून दोनदा वस्त्रगाळ केली आणि मॅट वार्निशमध्ये कालवून लावली. शेवटचा मॅट थर भर पावसात फवारण्याची घाई मात्र नडली. हवेतल्या ओलाव्याने सगळ्या अंगावर पांढुरके धुके धरले. कोरड्या दिवशी पुन्हा हलका हात फिरवल्यावर ते बहुतेक विरले, आणि गुडघ्यांवर राहिले ते वाळल्या गाळासारखे दिसत असल्यामुळे मी राहू दिले.

प्रदर्शनात टेबलावर मांडताना मॉडेल फार ताठ वाटले, म्हणून मी त्याचा उजवा हात खांद्यातून वर उचलला. परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ खाली वाकून पाहत होते. त्यांनी अतिशय सौम्यपणे विचारले, “पाणी या एका हातापुरतं तिरकं चढलं होतं का हो?” मी पाहिले. सगळ्या अंगावर आडव्या असलेल्या कडा उचललेल्या हातावर तिरक्या झाल्या होत्या. रेघा आखताना दोन्ही हात खाली होते, आणि आयुष्यभर साच्यात दहा मायक्रॉनवरून भांडणाऱ्या माणसाच्या हे ध्यानातच आले नव्हते. बक्षीस अर्थातच मिळाले नाही.

घरी आल्यावर त्या हाताचा चिखल धुऊन काढला, हात वर उचललेल्या स्थितीतच खांद्यात डिंक घालून कायमचा पक्का केला आणि हाईट गेज पुन्हा मागून आणला. वर उचललेल्या हाताचे कोपरापासून पुढचे सगळे ५७ फुटांच्या वर येते. तेवढा भाग आता कोरा पांढरा आहे.