दंडांची नोंदवही: यावेळी डंबेलपेक्षा ताटाबद्दल जास्त

दंडाचा घेर गेल्या नोंदीइतकाच आहे. पण ओव्हरहेड एक्स्टेन्शनला (डोक्यामागून डंबेल वर उचलण्याच्या व्यायामाला) आता एक पायरी जड डंबेल घेते, आणि हात ताणला की ट्रायसेप्सची, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूची, कड दिसायला लागलीय. घेर तोच, आकार वेगळा: चरबी थोडी उतरली आणि तेवढा स्नायू भरला. वजनकाट्यावर यातलं फारसं काही दिसत नाही, म्हणून दंडासाठी मी टेपच धरते. सकाळी, व्यायामाआधी, हात सैल सोडून, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये. सेट संपल्यावर लगेच टेप लावून खूश होऊ नका, तो पंप असतो, म्हणजे व्यायामाने रक्त भरून आलेला तात्पुरता फुगवटा. थोड्या वेळात उतरतो.

आता खाण्याचं. दंड लवकर रेखीव दिसावेत म्हणून जेवणच तोडायचं, हा या छंदातला सगळ्यात महागात पडणारा उद्योग. त्यामागे समजूत अशी की हाताचा व्यायाम हातावरची चरबी जाळेल आणि उपाशी राहिलं की ती आणखी लवकर जळेल. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. खेळणाऱ्या हाताचा घेर जास्त भरला, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर जवळपास सारखीच! चरबी कुठून आधी जाणार हे आपल्या हातात नाही. स्नायू टिकवणं मात्र आहे, आणि मोठी उपासमार नेमकी त्याच्याच मुळावर उठते. दंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग ट्रायसेप्सचा असतो. तोच आटला तर बारीक पण लोंबता हात उरतो. त्यामुळे माझी तूट, म्हणजे खर्चापेक्षा जेवढं कमी खाते ते, रोज ३०० ते ५०० कॅलरींच्या आतच. डंबेल जड वाटायला लागलं आणि झोपही नीट होत असेल, तर आधी ताट तपासते.

प्रोटीनचा हिशोब शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ९६. दिवसभर इकडचं तिकडचं खाऊन सगळा कोटा रात्री भरायला गेलं की तो भरतच नाही, पोट आधी भरतं. दिवसातून चार वेळा खाताना प्रत्येक वेळी २५ ग्रॅमच्या आसपास धरलं की गणित आपोआप जुळतं.

इथे शेंगदाण्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण ‘प्रोटीनसाठी’ मूठमूठ खाणारे बरेच आहेत. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ८ ग्रॅम प्रोटीन आणि १७० कॅलरी. एका अंड्यात ६ ग्रॅम, कॅलरी सत्तरच्या घरात. शेंगदाणे वाईट नाहीत, पण त्यांची गणती मी स्निग्ध पदार्थांत करते. पीनट बटरचंही तेच.

तेल चमच्याने मोजणं सोडलंय. स्वयंपाकाआधी आणि नंतर बाटलीच वजनकाट्यावर ठेवते, फरक पडेल तो लिहिते. १४ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी, आणि कढईत ‘चमचाभर’ ओतताना हात कधीच आखडता नसतो. ३०० ची तूट अशीच, कुणाला न कळता, भरून निघते.

कार्ब्ज पूर्ण बंद करण्याच्या मी विरोधात आहे. पहिल्या आठवड्यात काटा झर्रकन खाली येतो, पण त्यात बरंचसं ग्लायकोजेनसोबत (शरीरातल्या कार्ब्जच्या साठ्यासोबत) साठलेलं पाणी असतं. त्या आनंदात व्यायामाचा जोर जातो. त्यापेक्षा व्यायामाच्या आधीच्या जेवणात भात किंवा बटाटा राहू दे.

दारूबद्दल एवढंच: एका ग्रॅमला ७ कॅलरी, आणि सोबतचं चरणं वेगळं.

पुढच्या टप्प्यात क्रिएटिन (व्यायामात जोर यावा म्हणून घेतात ते पूरक) सुरू करतेय, रोज ३ ग्रॅम. त्याने स्नायूंत पाणी धरलं जाऊन वजन थोडं वर जाईल. त्यासाठी जेवण कमी करणार नाही. घेराच्या आकड्याशेजारी त्या दिवसाचं डंबेलही लिहीन.