तेवढं वर्तुळ जोडून द्या

फ्रेमिंगचं दुकान चालतं ते देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि मुलांच्या सर्टिफिकेटांवर. त्यामुळे एका काकूंनी काउंटरवर गुंडाळी उलगडली तेव्हा मी हातातली पट्टी खाली ठेवली. पांढरा जपानी कागद, त्यावर काळ्या शाईचं एकच वर्तुळ, कोपऱ्यात लाल शिक्का. लेकाने क्योटोहून आणलेलं.

"छान आहे हो, पण अर्धवट आहे," काकू म्हणाल्या. वर्तुळाची टोकं खरंच जुळलेली नव्हती. बोटभर फट होती. "तुटकं चित्र घरात बरं नाही. काळा रंग असेलच तुमच्याकडे, तेवढं जोडून द्या. आणि आजूबाजूचा कोरा कागद कापून टाका, म्हणजे सोफ्यावरच्या फ्रेमांच्या मापात बसेल."

गिऱ्हाईक सांगेल तसं कापायचं, हा आमचा धंदा. इथे मात्र सुरी उचलवेना. म्हटलं, काकू, बसा जरा.

याला एन्सो म्हणतात. झेन या बौद्ध पंथाचे भिक्षू हे वर्तुळ कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात काढतात, नंतर दुरुस्ती नाही. शाई काजळी आणि सरसाची. बोट न लावता त्यांना दाखवलं: कुंचला टेकला तिथे काळं दाट आहे, मग शाई संपत जाते तशा केसांच्या रेघा सुट्या होतात, आणि इथे हात उचलला. कोणी टोकं जुळवतात, कोणी मोकळी सोडतात. मी आता ती जोडली, तर काढणाऱ्याचा हात झाकून वर माझा हात दिसणार. कोऱ्या कागदाचंही तेच. या चित्रात पांढरं काळ्याइतकंच मोलाचं.

पूर्णत्व, रिक्तता, अपुरेपणाचा स्वीकार हे अर्थही सांगून पाहिले. काकूंचा चेहरा हलला नाही. खरं सांगायचं तर असं बोलताना मलाही अवघडल्यासारखं होतं. मग सेंगाई आठवला. १७५० ते १८३७ या काळातला हा झेन भिक्षू मोठा मिश्कील. त्याने असंच वर्तुळ काढून शेजारी लिहिलं, हे खा आणि चहा घ्या.

काकू खळखळून हसल्या. "म्हणजे कडबोळंच की! पण कडबोळ्याची टोकं जुळवतात हो."

कागद न कापायचं ठरलं. ठाण्याच्या दमट हवेत असा कागद फुगतो, आक्रसतो, म्हणून चारी बाजूंनी चिकटवून चालत नाही. सेलोटेप तर नकोच, तिचे डाग पडतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या, म्हणजे उद्या पाण्याने सोडवताही येतील. ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट, जाड घेतला, काच शाईला टेकायला नको.

फ्रेम न्यायला आल्या तेव्हा काकूंच्या पिशवीत सोफ्यावरच्या दोन्ही फ्रेमा होत्या. हिच्याशेजारी त्या आता खुज्या दिसतील म्हणे, त्यांचेही माउंट मोठे करून हवेत.