गप बस की काका, मी वाचायलेय

दुपारची जेवणं झाली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि साडेतीन वर्षांची पुतणी ओसरीवर पेपर घेऊन बसली होती. पेपर उलटा. फोटोतल्या मंत्र्याचं डोकं खाली, पाय वर. पण तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ओळीखालून बोट सरकवत, पुटपुटत, मधूनच ‘हं’ म्हणत पान उलटणं चाललेलं. मी पेपर सरळ करायला गेलो तर डाफरली, ‘गप बस की काका, मी वाचायलेय.’

ते ‘हं’ माझ्या भावाचं. बोटाला थुंकी लावायची लकब आमच्या वडिलांची. अक्षर एक येत नाही, थाट मात्र सगळा आलाय.

गोष्टीचं पुस्तक ती हटकून मागून उघडते. आजोबा असते तर खूश झाले असते, ‘पोरगी उर्दू वाचायलीय’ म्हणाले असते. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. १९४८ साली संस्थान गेलं, पण मराठी पेपरसुद्धा ते शेवटच्या पानापासून सुरू करायचे.

आजीनं तर शाळेचं तोंडच पाहिलं नव्हतं. तरी श्रावणी सोमवारी न्हाऊन-धुऊन देवघरापुढं बसायची, चष्मा लावायची (तोही आजोबांचा) आणि शिवलीलामृताचा अकरावा अध्याय म्हणायची. देवळात पोथी लागायची तेव्हा ऐकून ऐकून पाठ झालेला. मी दुसरीत गेलो, जोडाक्षरं लागायला लागली, आणि एका सोमवारी ध्यानात आलं की आजीचं बोट एका ओवीवर आहे नि तोंडात भलतीच ओवी. वाऱ्यानं दोन पानं एकदम उलटली तरी तिचा सूर हलला नाही. मी काही बोललो नाही. महादेवाचीही तक्रार नसावी.

पुतणीला पोथीच लागते असं नाही. खताचं रिकामं पोतं, गोळ्यांचं पाकीट, काहीही चालतं. लाइट बिलात बहुतेक वेळा कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं. जूनपासून तिला अंगणवाडीत घालायचंय, म्हणजे ‘अ अननसाचा’ सुरू. आमच्या शिवारात अननस कुणी पाहिलाय? असो.

मागल्या आठवड्यात पीककर्जाची नोटीस आली. भावानं वाचून कोनाड्यात सारली होती, ती हिनं शोधून काढली आणि मांडी घालून मोठ्यानं वाचायला लागली. ‘एक होती चिऊताई. तिला भूक लागली. मग बाबानी तिला खाऊ आणला.’

भाऊ सोयाबीनच्या भावाचं काहीतरी सांगत होता, तो थांबला. ‘पुढं काय लिवलंय गं?’

तिनं कागद पालटून पाहिला.

‘पुढं कायबी नाही. संपलं.’