तुम्ही विचारलेत म्हणून : अहवालात इतके ‘अंशतः’ कशासाठी?

सॉफ्टवेअर उत्पादनांच्या सुगम्यतेचे, म्हणजे ती दिव्यांग व्यक्तींना कितपत वापरता येतात याचे, अहवाल लिहिणे हे माझे काम आहे, आणि विक्री विभागातल्या सहकाऱ्यांपासून चाचणीच्या कामात नव्याने आलेल्या मंडळींपर्यंत अनेकांचा मला एकच प्रश्न असतो : स्वतःच्याच उत्पादनाबद्दल तुम्ही इतक्या ठिकाणी ‘अंशतः’ असे का लिहिता? इतरांच्या अहवालात तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘सपोर्ट्स’, म्हणजे निकष पूर्ण होतो, असे असते. प्रश्नामागची काळजी खोटी नाही, कारण मोठा ग्राहक निविदेसोबत हा अहवाल मागतो आणि ‘अंशतः’ या शब्दावर बोट ठेवून शंकाही विचारतो.

ज्या कोऱ्या तक्त्यावर हा अहवाल लिहिला जातो त्याला आमच्याकडे व्हीपॅट (व्हॉलंटरी प्रॉडक्ट अ‍ॅक्सेसिबिलिटी टेम्प्लेट) म्हणतात. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल असेच तंत्रज्ञान घ्यावे, असे बंधन ‘सेक्शन ५०८’ या कलमाने घातले आणि १९९८च्या दुरुस्तीने ते कडक केले. त्या खरेदीच्या सोयीसाठी हा तक्ता २००१मध्ये तयार झाला. तो सांभाळते इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इंडस्ट्री कौन्सिल ही उद्योगसंघटना. मात्र भरलेले अहवाल ती तपासत नाही, त्यामुळे ‘व्हीपॅट सर्टिफाइड’ या जाहिरातीतल्या शब्दांना काडीचाही अर्थ नाही. भरलेला व्हीपॅट हे उत्पादकाचे स्वतःच्या सहीचे निवेदन आहे, प्रमाणपत्र नव्हे. नावातला पहिलाच शब्द ‘व्हॉलंटरी’ म्हणजे ऐच्छिक असा आहे, पण ज्याला माल विकायचा आहे त्याच्यासाठी ही ऐच्छिकता नावापुरतीच उरते.

तक्त्यातल्या बहुतेक ओळी डब्ल्यूसीएजी या वेबवरील मजकुराच्या सुगम्यतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमधून येतात. त्यांची २.० ही आवृत्ती २००८ची, २.१ ही २०१८ची आणि २.२ ही २०२३ची. सेक्शन ५०८ आजही २.० धरून चालते, युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकाची २०२१ची आवृत्ती २.१ धरते, आणि २८ जून २०२५पासून युरोपचा सुगम्यता कायदा लागू झाल्यामुळे खासगी उत्पादकांनाही या निकषांकडे काणाडोळा करता येत नाही. २.२मधले ए (किमान) आणि डबल ए (त्यापुढची) या दोन पातळ्यांचे निकष मोजले तर ते ५५ भरतात, आणि प्रत्येक निकषासमोर दोन रकाने असतात : एकात निर्णयाचा शब्द, दुसऱ्यात शेरा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर या निर्णयाच्या शब्दांच्या व्याख्येत आहे. ‘सपोर्ट्स’ म्हणजे उत्पादनात तो निकष पूर्ण करणारी किमान एक पद्धत आहे आणि तिच्यात ज्ञात दोष नाही. ‘अंशतः’ म्हणजे उत्पादनाचा काही भाग तो निकष पूर्ण करत नाही. ‘ज्ञात’ या शब्दापाशी जरा थांबावे. ज्याने शोधलेच नाही त्याला दोष ज्ञात होत नाहीत, म्हणजेच जितकी चाचणी कमी तितका अहवाल देखणा. सगळीकडे ‘सपोर्ट्स’ लिहिलेला अहवाल हातात आला की मी म्हणूनच निकालाआधी चाचणीच्या पद्धतीची माहिती वाचतो. तिथे एखाद्या स्वयंचलित साधनाचे नाव आणि एवढेच असेल, तर पुढचा तक्ता मी मनावर घेत नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझा पहिला अहवाल मी असाच भरला होता. स्वयंचलित साधनाने एकही चूक दाखवली नाही, तेव्हा मी दोन दिवसांत सगळा तक्ता ‘सपोर्ट्स’ने भरून मोकळा झालो. काही आठवड्यांनी ग्राहकाकडच्या एका अंध कर्मचाऱ्याचा निरोप आला की रजेच्या अर्जात तारीखच भरता येत नाही. पाहिले तर कॅलेंडरमधले दिवस ही खरी बटने नव्हतीच. माऊसच्या क्लिकला प्रतिसाद देणारे ते नुसते रंगवलेले चौकोन होते. कीबोर्डने तिथे पोहोचता येत नव्हते आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ते सुटे आकडे वाटत होते. तारीख टाइप करण्याची सोय तर लोकांच्या चुका टळाव्यात म्हणून आम्हीच बंद केली होती. कीबोर्डचा निकष २.१.१ आणि नाव, भूमिका व मूल्य यांचा निकष ४.१.२ या दोन्ही ओळींत माझा शब्द खोटा ठरला, आणि त्या कर्मचाऱ्याची रजा इतके दिवस दुसऱ्या कोणाला तरी भरून द्यावी लागत होती.

त्या दिवसापासून मी शेऱ्याच्या रकान्याला अहवालाचा गाभा मानतो. ‘काही अपवाद वगळता’ हा शेरा लिहिणाऱ्याला निश्चिंत करतो, पण वाचणाऱ्याला काहीही सांगत नाही. याउलट ‘रजेच्या अर्जातले कॅलेंडर कीबोर्डने चालत नाही, मात्र शेजारच्या चौकटीत तारीख टाइप करता येते’ असा शेरा असेल, तर खरेदी करणाऱ्याला अडचण कुठे आणि कोणाला येईल हे कळते, आणि आपल्या लोकांसाठी पर्यायी व्यवस्था आधीच करता येते. अशा ओळीसमोर ‘अंशतः’ लिहिल्याने विक्री अडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

काही ओळींत मात्र ‘अंशतः’ लिहिताना मलाही जिवावर येते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या कॉन्ट्रास्टचे प्रमाण साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५:१ हवे. पांढऱ्यावर ७७७७७७ या हेक्स क्रमांकाचा (संगणकातल्या रंगाच्या संकेतांकाचा) करडा रंग ४.४८:१ भरतो आणि नापास होतो, तर ७६७६७६ हा ४.५४:१ भरून पास होतो. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक कोणालाही ओळखता येणार नाही, आणि डिझायनर माझ्याशी हुज्जत घालतो. मी त्याला एवढेच सांगतो की रंग बदलायला लागणारा वेळ या वादापेक्षा कमी आहे.

राहिले ते कॅलेंडर. ते पुढच्याच आवृत्तीत नीट झाले आणि दोन्ही ओळींत मी चाचणी करून, खऱ्या अर्थाने ‘सपोर्ट्स’ लिहिले. त्यानंतरच्या आवृत्तीत कोणीतरी त्यात रजेचे दिवस ओढून निवडण्याची सोय घातली, पण ओढण्याऐवजी साध्या क्लिकने ते काम करण्याचा पर्याय द्यायचा राहिला. असा पर्याय मागणाऱ्या २.५.७ या निकषाच्या ओळीत सध्या ‘अंशतः’ आहे, आणि शेऱ्यात दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार तेही लिहिले आहे.