स्विफ्टला १६५ ऐवजी १८५चे टायर: माझा अनुभव

माझी स्विफ्ट २०१४ची, व्हीएक्सआय, पेट्रोल. कंपनीने दिलेलं टायरचं माप १६५/८० आर १४. आमचं गाव आर्णी तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. गाडी निम्मी धावते नागपूर-तुळजापूर महामार्गावर आणि निम्मी गावच्या रस्त्याने, ज्याला रस्ता फक्त निवडणुकीच्या वर्षी म्हणतात. दिवाळीपर्यंत चारही टायर टकले झाले. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात, ते वरच्या पृष्ठभागाला टेकले होते. ही १.६ मिलिमीटरची खूण. तिथवर झिजलेला टायर कायद्यानेही बाद.

बदलायचेच होते, तर रुंद टाकू असं ठरवलं. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगात शेजारून ट्रक गेला की ही गाडी हलायची. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबायला मन धजावत नसे. शिवाय याच पिढीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देत होती, म्हणजे १८५ची रुंदी या गाडीला परकी नाही. बाबांची अपेक्षा मात्र वेगळी होती. "टायर रुंद केले त गाडी पांदणीतून निंगन काय?" त्यांना महामार्गाशी घेणं नाही. पावसाळ्यात वावरापर्यंत गाडी गेली पाहिजे, एवढंच.

आधी आकडे मांडून पाहिले. १६५/८० आर १४ मध्ये १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १४ इंची रिम. भिंत आली १३२ मिलिमीटर. दोन्हीकडच्या भिंती आणि रिमचे ३५५.६ मिलिमीटर धरले की चाकाचा व्यास ६१९.६. नुसती रुंदी वाढवून ८० तसंच ठेवलं तर चाक उंच होतं, वेगाचा काटा कमी दाखवतो आणि मडगार्डला घासायची भीती. म्हणून रुंदी वाढली की दुसरा आकडा उतरवावा लागतो. १८५/७० आर १४चा व्यास ६१४.६ येतो, म्हणजे फरक पाच मिलिमीटर, एक टक्क्याच्याही आत. रिम तीच चालते, कारण माझ्या रिमवर १४ × ५ जे कोरलंय, म्हणजे ती पाच इंच रुंद, आणि १८५/७०ला साडेचार ते सहा इंच रुंदीची रिम लागते.

यवतमाळच्या टायरवाल्याला हे पटलं नाही.

"एक सांगू काय भाऊ? एकशे पंच्याऐंशी पासष्ट टाका. लोकं तेच टाकून राह्यले. गाडी कशी जमिनीले चिकटून चालते."

"चौदाच्याच रिमवर?"

"हावो, चौदाच्याच."

१८५/६५ आर १४चा व्यास ५९६ मिलिमीटर. मूळ मापापेक्षा जवळजवळ चार टक्के कमी. गाडी पावणेबारा मिलिमीटर खाली बसते आणि काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी शहाण्णवच्या आसपास असते. जमिनीपासून पोटापर्यंत एकूण १७० मिलिमीटर उंची असलेल्या गाडीतून सेंटीमीटरभर आपल्या हाताने काढून द्यायचा, तोही आमच्या रस्त्यांसाठी? भिंतही १२०वर येते. खड्ड्यात आदळल्यावर रिम वाकण्याआधी दबायला तेवढं रबर कमी. पंधरा इंची अलॉय रिमचाही आग्रह झाला, पण भिंत तिथेही तेवढीच, वर रिमचा खर्च.

दुकानातला माल बघताना दोन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे मापाच्या पुढचा आकडा. जुन्यावर ८५ होतं, नव्यावर ८८ आलं. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो वजन पेलतो, ८८ म्हणजे ५६०. हा आकडा मूळपेक्षा वर चालतो, खाली नाही. दुसरी म्हणजे बनल्याची तारीख. लंबगोलात चार अंक असतात, ३२२५ असेल तर २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानदाराने आधी काढलेले दोन टायर बरेच जुने निघाले. मी काही न बोलता अंकावर बोट ठेवलं, त्याने पोराला आतून दुसरे आणायला पाठवलं. किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी २८वरून १८ टक्के झाल्याने थोडा हात हलका झाला. ट्रॅक्टरचे टायर तर ५ टक्क्यांवर आले, बाबा त्यातच जास्त खूश.

विम्याचं आधीच बोलून घेतलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. मडगार्डबाहेर डोकावणारे टायर दिसले की पोलीसही अडवतात आणि दाव्याच्या वेळी सर्वेअरही खोड काढतो. एजंटला माप लिहून पाठवलं, त्याचं उत्तर जपून ठेवलंय.

बसवताना मी मशीनपाशीच उभा राहिलो. जुने टायर उतरल्यावर रिमच्या आतल्या कडेला गंजाची खपली निघाली. ती तारेच्या ब्रशने घासायला लावली, नाहीतर ट्यूबलेस टायर तिथून हळूहळू हवा सोडतो. व्हॉल्व्ह चारही नवे घेतले. हवा भरताना बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवर बसल्याचा फटकन आवाज आला, मग बॅलन्सिंग. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायला नको म्हटलं.

पुढची चाकं चढल्यावर स्टेअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टोकापर्यंत वळवून बघितलं. टायर आणि सस्पेन्शनच्या नळीमध्ये आधी दोन बोटं जायची, आता एक सहज आणि दुसरं दाबून. मागच्या बाजूची खरी परीक्षा वजनाखालीच होते. म्हणून परत येताना मागे भाचा आणि त्याचे दोन मित्र बसवले, डिक्कीत युरियाची दोन पोती, पंचेचाळीस-पंचेचाळीस किलोची. गावच्या वळणावरच्या खड्ड्यांतून मुद्दाम नेली. घरी उतरून मोबाइलच्या उजेडात मडगार्डचं आतलं प्लास्टिक पाहिलं. मागे काही नाही. पुढे डावीकडे मडफ्लॅपच्या कोपऱ्यावर बोटाच्या नखाएवढा भाग चकचकीत झालेला. म्हणजे पूर्ण वळवल्यावर तिथे पुसटसं टेकतंय. मडफ्लॅपचा स्क्रू सैल करून तो किंचित मागे सरकवला, काम झालं. अलाइनमेंट करून झाल्यावर अशी तपासणी कुणी सांगत नाही, पण घासलेल्या टायरची भिंत फाटली तर पैसे आपलेच जातात.

महामार्गावर फरक पहिल्याच दिवशी कळला. ट्रक गेला तरी गाडी सरळ राहते, वळणावर कमी झुकते, ब्रेकचा भरवसा वाढला. स्टेअरिंग उभ्या गाडीत थोडं जड झालंय. गाडी लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर कमी जातेय, आणि चाक जरा लहान झाल्याने किलोमीटरचा आकडाही जवळपास एक टक्का फुगवून दाखवतो, तेव्हा खरी घट त्याहून थोडी अधिक. मला हा सौदा मंजूर आहे. हवा मात्र दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे, सकाळी गाडी न चालवता बघतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय चढतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात सकाळ-दुपारचा फरक किती असतो ते सांगायला नको.

आता पांदण. कापूस वेचणी चालू असताना अवकाळी आला आणि बाबांनी परीक्षा घेतलीच. काळी माती भिजली की रुंद टायर तिच्यावर तरंगेल असं वाटतं, पण रस्त्याच्या नक्षीचा टायर पहिल्या दोन फेऱ्यांतच चिखलाने भरतो आणि मग खाचा उरतच नाहीत. अरुंद टायर निदान चिखल कापत खालच्या कठीण थरापर्यंत जायचा. हा वरच घसरत राहिला. वर मडगार्डमधली जागा कमी झाल्याने माती तिथे घट्ट बसली. चाक फिरताना खरखर वाजू लागलं. पऱ्हाटीची काडी मोडली, शेवटी खुरपं आणून ढेकळं काढली. "पैसे पान्यात गेले म्हन," बाबा म्हणाले. मी म्हटलं, बैलगाडीच्या रस्त्याने बैलगाडीच जाते. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून वावरात मोटरसायकलनेच जातात. एक चांगलं झालं, तुरीच्या उभ्या खुंटांच्या जवळून जायची वेळच येत नाही. ते खुंट कुठल्याही मापाच्या टायरच्या भिंतीत सारखेच घुसतात.

स्टेपनी जुनीच, १६५ची ठेवली. व्यासात पाचच मिलिमीटरचा फरक असल्याने पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत चालते. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची, म्हणजे गाडी ओढणाऱ्या दोन चाकांत फरक पडत नाही.

शेजारच्या पोराला आता त्याच्या स्विफ्टला १९५/६५ टाकायचे आहेत. त्याच्याही रिमवर १४ × ५ जे आहे, आणि १९५/६५ला कमीत कमी साडेपाच इंची रिम लागते. माझं ऐकून तो टायर सोडून आता जुन्या बाजारात रिम शोधून राह्यला.