सातवी ओळ

डॅलसच्या उत्तरेला एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या एचआर खात्यात मी कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघते. डिस्ट्रिक्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर अख्खा जिल्हा येतो, तसं इथे नाही. गावातल्या सरकारी शाळा आणि त्यांचं निवडून आलेलं बोर्ड, बस्स. शिक्षक, बसचे ड्रायव्हर, कॅफेटेरियातल्या बायका, सगळ्यांच्या आरोग्य विम्याची कंपनी हे बोर्ड ठरवतं. हप्ता पगारातून कापला जातो, त्यामुळे तो वाढला की पहिला फोन मला येतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं: सप्टेंबरपासून १७ टक्के वाढ. कारण एका ओळीत, क्लेम वाढले. किती, कुठले, कोणत्या महिन्यात, काही नाही.

आमचा सल्लागार म्हणाला, दुसरीकडून दर मागवू. पण दुसऱ्या कंपन्या आधी क्लेमचा इतिहास मागतात. तो नसला की दर देतच नाहीत, नाहीतर भीतीपोटी चढा देतात. आणि तो इतिहास होता आमच्या कंपनीच्या कपाटात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही मूठ बरीच महाग होती. राज्याच्या शिक्षकांची योजना आहे, तिकडे जा, असंही काहींनी सुचवलं. पण २०२१ च्या कायद्यानंतर तिथे एकदा शिरलं की पाच वर्षं बाहेर पडता येत नाही. आपलेच आकडे माहीत नसताना पाच वर्षांची गाठ कोण बांधणार?

मी ईमेलवर माहिती मागितली. उत्तर आलं, गोपनीयतेमुळे देता येत नाही, आणि खाली हिपाचा हवाला. हिपा हा १९९६ चा केंद्रीय कायदा. रुग्णांसाठी तो चांगलाच आहे, पण नको असलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायलाही त्याचा फार उपयोग होतो. त्याच कायद्याच्या नियमांत लिहिलंय की दर मागवण्यासाठी नाव, जन्मतारीख वगैरे काढून टाकलेला गोषवारा मालकाला देता येतो. टेक्सासच्या विमा संहितेतलं प्रकरण १२१५ त्याच्याही पुढे जातं. लेखी मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने अहवाल द्यायचा: दर महिन्याला किती हप्ता आला, किती क्लेम दिले, किती जणांना संरक्षण होतं, किती रक्कम अजून प्रलंबित आहे. तोही मागच्या ३६ महिन्यांचा.

मग ईमेल सोडून रीतसर पत्र लिहिलं, कलमांसकट. सोबत हमीपत्र द्यावं लागलं: ही माहिती कोण बघणार, कुठे ठेवणार, नोकरीच्या निर्णयासाठी वापरणार नाही. बघणाऱ्यांत दोनच नावं लिहिली, माझी बॉस आणि मी. सल्लागाराशी वेगळा करार केला. एवढ्या सोपस्कारात दोन आठवडे गेले.

एकोणतिसाव्या दिवशी अहवाल आला. पीडीएफ, स्कॅन केलेली, काही पानं आडवी. ३६ महिन्यांचे आकडे मी हाताने एक्सेलमध्ये भरले. मुद्दाम तसं पाठवलं असेल असं मी म्हणत नाही, पण एक्सेल काय त्यांच्याकडे नव्हतं?

आकडे भरल्यावर मात्र चित्र साफ झालं. मोठ्या गटाच्या विम्यात कंपनीने हप्त्याच्या पैशातले किमान ८५ टक्के उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च करायचे असतात, हा केंद्राचा नियम. आमची पहिली दोन वर्षं त्याच्या आसपास होती. तिसऱ्या वर्षी एकदम उसळी. आणि ती सगळ्यांमध्ये पसरलेली नव्हती. शेवटच्या पानावरच्या अकरा ओळींत होती.

बारा महिन्यांत १५ हजार डॉलरच्या वर क्लेम गेलेल्या प्रत्येक माणसाची अहवालात वेगळी ओळ असते. नाव नाही, फक्त एक क्रमांक, तारखा, रकमा आणि निदानाचा कोड. एका ओळीत वेळेआधी जन्मलेलं बाळ होतं, एकीत डायलिसिस. सातव्या ओळीत सी५० ने सुरू होणारा कोड, म्हणजे स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रियेची तारीख १९ जून.

ती तारीख मला वाचावी लागली नाही. ती मीच होते.

खुर्ची मागे सरकवून मी थोडा वेळ पार्किंगमधल्या पिवळ्या बस बघत बसले. रक्कम मी आधी कधी एकत्र पाहिली नव्हती. घरी हॉस्पिटलची बिलं यायची ती आमच्या वाट्यापुरती, आणि नवरा ती फाइलला लावून टाकायचा. बॉसला सांगितलं. ती म्हणाली, तुला यातून बाहेर राहायचंय का? मी म्हटलं, बघणारे आपण दोघीच आहोत, मी उठले तर तू एकटी.

सल्लागाराचा प्रश्न साधा होता. प्रत्येक ओळीवर पेन ठेवून तो विचारायचा, "हे चालू आहे की संपलं?" बाळ घरी गेलं असेल तर तो खर्च पुन्हा नाही, डायलिसिस मात्र चालूच राहणार. नव्या कंपनीचा दर यावरच ठरतो. सातव्या ओळीवर पेन आलं तेव्हा बॉसने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. मी म्हटलं, लेखी विचारू. अहवाल मिळाल्यापासून दहा दिवसांत अशा मोठ्या क्लेमबद्दल पुढची माहिती मागता येते: बरं होण्याची शक्यता, पुढचा अपेक्षित खर्च. अकराही ओळींसाठी एकच पत्र केलं आणि खाली सही माझी.

मधे एक अपघात होता होता वाचला. बोर्डाच्या बैठकीची कागदपत्रं आधी सगळ्यांसाठी खुली होतात. सल्लागाराच्या ऑफिसने पाठवलेल्या सादरीकरणात, विसाव्या स्लाइडवर, तो अकरा ओळींचा तक्ता जसाच्या तसा होता. हजारभर माणसांच्या डिस्ट्रिक्टमध्ये 'वेळेआधी बाळ, मार्च' एवढं पुरतं. नाव कशाला हवं? मी ती स्लाइड काढून एकच वाक्य ठेवलं: तिसऱ्या वर्षाच्या वाढीचा मोठा भाग पुन्हा न येणाऱ्या उपचारांचा आहे.

तीन कंपन्यांनी दर दिले. ते बघून आमच्याच कंपनीने १७ चे ८ टक्के केले. बोर्डाने तेच स्वीकारलं. डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, तेवढी वाढली, त्यावरून बसच्या ड्रायव्हर लोकांनी मला आठवडाभर सुनावलं, आणि ते काही चुकीचं बोलत नव्हते.

पुढच्या माहितीचं उत्तर त्याआधीच आलं होतं. सातव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: उपचार पूर्ण, पुढे फक्त नियमित तपासण्या. शेजारी पुढच्या बारा महिन्यांचा अपेक्षित खर्च. तो आकडा मी रात्री नवऱ्याला सांगितला. तो भांडी पुसत होता. म्हणाला, "एवढाच?" आणि मग बराच वेळ तीच थाळी पुसत राहिला.